सेकंद मोजणारा रसायनज्ञ : डॉ. आर्मंड क्विक

डॉ. आर्मंड जेम्स क्विक हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. आपल्या महाविद्यालयात मात्र ते फार थोड्यांच्या कानावर असेल. तरीही आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी त्यांची चाचणी येऊन गेलेली असते. शस्त्रक्रियेच्या आधी, काविळीत, घोणस चावल्यावर किंवा हृदयाची झडप बदलल्यानंतर दर महिन्याला दवाखान्यातून जो कागद हाती पडतो, त्यावर पी.टी. अशी दोन अक्षरे आणि त्यांच्यापुढे काही सेकंद लिहिलेले असतात. ते सेकंद मोजायला जगाला शिकवले ते क्विकसाहेबांनी. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि बेळगुंदीहून रोज बेळगावला ये-जा करतो. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण क्विकसाहेब मुळात रसायनशास्त्राचे होते आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका शिळ्या नमुन्यातून निघाली. त्यामुळे या माणसाबद्दल लिहिण्याचा थोडासा अधिकार मलाही आहे, असे मी समजतो.

त्यांचा जन्म १८ जुलै १८९४ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, थेरेसा नावाच्या लहानशा गावी झाला. हा सारा मुलूख गाईगुरांचा, दुधाचा आणि चीजचा. शिक्षण आधी विस्कॉन्सिन विद्यापीठात, मग इलिनॉय विद्यापीठात. तेथून १९२२ साली रसायनशास्त्रातील पीएच.डी. एवढ्यावर पोटापाण्याची सोय होण्यासारखी होती. पण शरीरात चालणाऱ्या रसायनक्रियांनी त्यांना ओढून घेतले आणि तिशी ओलांडत असताना ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. १९२८ साली कॉर्नेल विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्यांनी मिळवली. एका हातात रसायनज्ञाचे मोजमाप आणि दुसऱ्या हातात वैद्याचे प्रश्न, अशी ही जोडी जमली. तिचे पहिले फळ यकृताच्या चाचणीच्या रूपाने १९३३ साली बाहेर आले. रोग्याला सोडियम बेंझोएट ठरावीक प्रमाणात द्यायचे, यकृत त्याचे हिप्युरिक आम्ल करते, ते ठरावीक तासांच्या लघवीत किती उतरले ते मोजायचे. जितके कमी, तितके यकृत थकलेले. आज ही चाचणी मागे पडली आहे. पण तिच्यातला विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे. शरीराला एक नेमका प्रश्न विचारायचा, बाकी सर्व गोष्टी आपल्या हाताने पक्क्या करून ठेवायच्या आणि उत्तर आकड्यात घ्यायचे.

यकृताकडून ते रक्ताकडे वळले ते काविळीच्या वाटेने. पित्ताचा मार्ग अडून झालेल्या काविळीत शस्त्रक्रिया करायला त्या काळचे शल्यचिकित्सक भीत असत. शस्त्रक्रिया नीट पार पडे, टाके घातले जात, आणि एक-दोन दिवसांनी जखम झिरपू लागे ती थांबत नसे. असे का होते हे सांगणारी सोयीची चाचणी नव्हती. रक्त काचेवर किंवा नळीत घेऊन ते किती मिनिटांत साकळते एवढेच पाहत, आणि त्यात या रोग्यांचे रक्त बहुधा नेहमीसारखेच साकळे.

येथे थोडे थांबून रक्ताचा स्वभाव पाहिला पाहिजे. रक्त शिरेतून बाहेर पडले की त्याच क्षणी गोठण्याच्या मार्गाला लागते. तपासणीसाठी ते प्रयोगशाळेपर्यंत न्यायचे तर वाटेत त्याला थोपवून धरावे लागते. आर्थस आणि पाजेस या दोन फ्रेंच संशोधकांनी १८९० साली दाखवून दिले होते की गोठण्याला कॅल्शियम लागते आणि ऑक्झलेटने ते काढून घेतले की रक्त पातळच राहते. पुढे १९१४ च्या सुमारास रक्त देण्याघेण्यासाठी सायट्रेटचा उपयोग सुरू झाला, त्यातले तत्त्व हेच. क्विकसाहेबांनी याचा असा उपयोग केला : ऑक्झलेट घातलेले रक्त सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरचे पिवळसर पाणी म्हणजे रक्तद्रव घ्यायचा. तो ३७ अंशांच्या पाण्यात ऊबदार ठेवायचा. त्यात सशाच्या मेंदूपासून केलेले थ्रोम्बोप्लास्टिन भरपूर घालायचे आणि मग काढून घेतलेले कॅल्शियम परत द्यायचे. त्या क्षणी घड्याळाची कळ दाबायची आणि जाळी धरली की थांबवायची. निरोगी माणसाच्या रक्तद्रवाला बारा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. थ्रोम्बोप्लास्टिन मुबलक, कॅल्शियम मापात, उष्णता ठरलेली; म्हणजे वेळ लांबली तर कमी काय पडले, याचे एकच उत्तर उरते, ते म्हणजे प्रोथ्रॉम्बिन. निदान त्या वेळी क्विकसाहेबांची तशी खात्री होती.

१९३५ साली ही रीत प्रसिद्ध झाली. हिमोफिलियाच्या रोग्यांत, ज्यांचे रक्तच गोठत नाही म्हणून जग ओळखत होते, ही वेळ अगदी नेहमीइतकीच निघाली. आणि अडलेल्या काविळीत ती लांबलेली निघाली. म्हणजे रक्त न थांबण्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती नळीत वेगळी करून दाखवता येतात, हे या दोन निकालांनी सिद्ध झाले. तिकडे डेन्मार्कमध्ये हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिलांवर काम करताना के जीवनसत्त्व सापडत होते. पित्त आतड्यात उतरले नाही तर ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही, त्यावाचून यकृत प्रोथ्रॉम्बिन करू शकत नाही, ही साखळी पुढील तीन-चार वर्षांत जुळली आणि काविळीच्या रोग्याला शस्त्रक्रियेआधी के जीवनसत्त्व देण्याची पद्धत पडली. कोणाला किती द्यायचे आणि पुरे झाले की नाही, हे सांगणारे घड्याळ क्विकसाहेबांचे. १९३५ मध्येच ते मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत रुजू झाले आणि शेवटपर्यंत त्याच शहराचे राहिले. पुढे तेथे ते जीवरसायनशास्त्राचे विभागप्रमुखही झाले.

विस्कॉन्सिनच्या गुरांनी या कथेत मोठा वाटा उचलला आहे. आमच्याकडे भात झोडपून झाले की पिंजराची गंजी रचतात आणि ती भिजू नये म्हणून शेतकरी जिवाचा आटापिटा करतो. बुरसलेले पिंजर दावणीत टाकू नये, हे घरातल्या पोरालाही माहीत असते. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात स्वीट क्लोव्हर नावाचा चारा असाच वाळवून साठवीत. १९२० नंतरच्या काही ओल्या हंगामांत तो बुरसला आणि तो खाल्लेली गुरे रक्त वाहून मरू लागली. शिंग कापले किंवा खच्चीकरण केले की रक्त थांबेना. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचाच एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठलेले रक्त आणि खराब चारा गाडीत टाकून बर्फाच्या वादळातून मॅडिसनला कार्ल लिंक यांच्या दारी पोहोचला, ही हकिकत प्रसिद्धच आहे. क्विकसाहेबांनी १९३७ साली आपली चाचणी या रोगाला लावली आणि येथेही प्रोथ्रॉम्बिनची वेळ लांबते, हे दाखवले. पुढे लिंक यांच्या प्रयोगशाळेत चाऱ्यातले ते द्रव्य, डायक्युमरॉल, वेगळे झाले. गुरांना मारणारे ते द्रव्य मापाने दिले तर माणसाच्या शिरेत नको तेथे होणारी गुठळी टळते, हे १९४१ पासून दिसू लागले. वॉर्फरिन हे त्याच घराण्यातले. पण माप चुकले तर मेंदूत रक्तस्राव किंवा झडपेवर गुठळी! हे माप ज्या तराजूवर ठरते तो तराजू म्हणजे प्रोथ्रॉम्बिनची वेळ.

आता मघाशी म्हटलेल्या शिळ्या नमुन्याकडे येतो. ऑक्झलेट घातलेला रक्तद्रव काही दिवस थंडीत ठेवला तर त्याची वेळ हळूहळू लांबत जाते. ही गोष्ट प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणाच्याही नजरेस पडण्यासारखी होती आणि तिचा अर्थही सोपा होता : नमुना शिळा झाला, ओतून द्या, ताजा घ्या. व्यवहारात हेच बरोबर आहे. क्विकसाहेबांनी मात्र विचारले, शिळे झाले म्हणजे नेमके काय कमी झाले? प्रोथ्रॉम्बिन कमी झाले म्हणावे तर एक गंमत आड येत होती. डायक्युमरॉल दिलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवाची वेळही लांबलेलीच असते. हे दोन्ही लांबलेले रक्तद्रव एकत्र मिसळले, तर वेळ जवळजवळ नेहमीइतकी येते. दोघांत एकच गोष्ट उणी असती तर मिश्रणातही ती उणीच राहिली असती. एकाच्या पिशवीत तांदूळ नाही, दुसऱ्याच्या पिशवीत डाळ नाही, म्हणून तर दोघांची मिळून खिचडी होते. डायक्युमरॉलने जे नाहीसे होते ते निराळे आणि साठवणीत जे नासते ते निराळे. हे त्यांनी १९४३ साली मांडले. ऑक्झलेटमध्ये लवकर नासणारा तो घटक सायट्रेटमध्ये अधिक टिकतो, आणि गोठण्याच्या चाचण्यांसाठी पुढे सगळीकडे सायट्रेट आले त्याचे हे एक मोठे कारण.

या घटकाला आज पाचवा घटक म्हणतात, आणि हे नाव क्विकसाहेबांचे नव्हे. जर्मनांनी व्यापलेल्या नॉर्वेत पॉल ओव्रेन या तरुण डॉक्टरांकडे त्याच १९४३ साली लहानपणापासून रक्तस्रावाने त्रासलेली एक बाई आली होती. क्विकच्याच चाचणीचा आधार घेऊन ओव्रेन यांनी तिच्या रक्तात नसलेला घटक शोधून काढला. तोवर चार घटक माहीत होते, म्हणून हा पाचवा. युद्धामुळे ही वार्ता बाहेरच्या जगाला १९४७ च्या सुमारास नीट समजली. मग मान कोणाचा, हा वाद आलाच. मला विचाराल तर दिसले आधी क्विकना आणि ओळखले नीट ओव्रेननी. क्विकसाहेबांनी तो घटक प्रोथ्रॉम्बिनचाच एक भाग म्हणून मांडला, स्वतंत्र मानला नाही. त्यांचा आपल्या चाचणीवर आणि तिच्या नावावर विलक्षण लोभ होता. पुढे सातवा आणि दहावा घटकही हाती आले आणि ही चाचणी एकट्या प्रोथ्रॉम्बिनला नव्हे, तर फायब्रिनोजेन धरून पाच द्रव्यांना एकदम जोखते, हे स्पष्ट झाले. नाव तेवढे जुनेच राहिले. हट्टी माणसे विज्ञानाला त्रास देतात हे खरे, पण शिळा रक्तद्रव ओतून न देता त्याच्यापाशी बसून राहायलाही तसाच हट्ट लागतो.

हे सारे जुने झाले, असे वाटेल. माझ्या थोरल्या वहिनींमुळे मला ते तसे वाटत नाही. लहानपणच्या सांधेतापाने त्यांच्या हृदयाची झडप गेली. आता धातूची झडप आहे आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्माची सोबतीण. एका श्रावणात त्यांचा अहवाल आला तो नेहमीच्या २.९ ऐवजी ४.४ असा. गोळीत बदल नाही, खाण्यात बदल नाही, अंगावर कोठे निळा डाग नाही. डॉक्टरांनी गोळी बंद करण्याआधी एकच विचारले, रक्त घेताना काय झाले? वहिनींची शीर सापडत नाही. जेथे रक्त दिले होते तेथल्या मुलाने दोन-तीनदा टोचून कशीबशी अर्धी नळी भरली होती आणि तीच पुढे पाठवली होती. पुन्हा घेतलेल्या, खुणेपर्यंत भरलेल्या नळीने २.८ सांगितले. पहिल्या कागदावर विसंबून गोळी थांबवली असती तर झडपेवर गुठळी धरायला वेळ लागला नसता.

या चुकीचे गणित आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. निळ्या बुचाच्या नळीत सायट्रेटचे द्रावण आधीच भरलेले असते. आज बहुतेक ठिकाणी ते ३.२ टक्क्यांचे असते. नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण, हे प्रमाण. रक्त निम्मेच आले तर सायट्रेटचे प्रमाण दुप्पट होते. रक्तद्रव पातळ होतो तो होतोच, शिवाय चाचणीच्या वेळी घातलेले कॅल्शियमसुद्धा शिल्लक सायट्रेट गिळून टाकते आणि घड्याळ उगीच पुढे पळत राहते. गंमत अशी की नळी खुणेपर्यंत भरूनही हेच होऊ शकते. जन्मतः हृदयात दोष असलेल्या निळसर मुलांच्या रक्तात तांबड्या पेशी फार असतात, रक्तद्रव थोडा. सायट्रेट मात्र रक्तद्रवातच राहते. पेशींचे प्रमाण पंचावन्न टक्क्यांच्या वर गेले की द्रावण कमी करावे लागते; ४.५ मिलिलिटर रक्ताला एरवी ०.५ मिलिलिटर लागते, तेथे पासष्ट टक्के पेशी असतील तर सुमारे ०.२९ पुरते. हे न करता अहवाल दिला तर निरोगी गोठण असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया विनाकारण पुढे ढकलली जाते.

चंदगड, खानापूर, निपाणी अशा गावांहून नमुने बेळगावला मोटरसायकलवरून, एस.टी.तून येतात. ते बर्फात घालून आणले म्हणजे ताजे राहतात, अशी पुष्कळांची समजूत असते. दुधाला, माशाला ते लागू आहे. या नमुन्याला नाही. थंडीने सातवा घटक आपोआप जागा होऊ शकतो आणि वेळ खोटीच कमी येते. न फिरवलेले रक्त थंडीत राहिले तर हिमोफिलियाशी संबंधित आठवा घटक घटतो. प्रोथ्रॉम्बिनच्या वेळेसाठी साध्या खोलीच्या उष्णतेत, बूच न उघडता, एक दिवसापर्यंत नमुना चालतो, ए.पी.टी.टी. नावाच्या दुसऱ्या चाचणीसाठी मात्र चार तासांच्या आत काम आटोपावे लागते. सुई शिरेत नीट न बसता आजूबाजूच्या मांसात फिरली तर तेथला रस रक्तात मिसळून गोठणे आधीच सुरू होते. हेपॅरिन चाललेल्या सलाइनच्या नळीतून रक्त ओढले तर उलट. जांभळ्या बुचाच्या नळीतले रक्त निळ्या नळीत ओतून भरती करणे हा तर शुद्ध अपराध. त्या नळीतले ई.डी.टी.ए. कॅल्शियम धरून बसते. नळी भरल्यावर ती तीन-चार वेळा हळूच उलटीपालटी करायची, हलवून फेस काढायचा नाही. इतक्या साध्या गोष्टी.

सर्वांत साधी चाचणी तर आमच्या शिवारातल्या माणसाला अधिक उपयोगी. ही क्विकसाहेबांची नव्हे, पुढच्या लोकांची आहे. घोणशीचे विष गोठणाऱ्या घटकांना एकदम पेटवते आणि फायब्रिनोजेन खर्चून टाकते. मग रक्त पाण्यासारखे राहते. चावलेल्या माणसाचे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हात न लावता ठेवायचे आणि एकदाच कलते करायचे. वाहिले तर प्रतिविष द्यायचे. यंत्र नाही, वीज नाही, फक्त घड्याळ. पण नळी काचेचीच हवी, कारण काचेचा स्पर्शच गोठण्याला चालना देतो. प्लॅस्टिकची घेतली किंवा साबणाने धुतलेली घेतली तर चांगले रक्तही साकळत नाही आणि ज्याला विष चढलेच नाही त्याला प्रतिविष टोचले जाते.

क्विकसाहेबांच्या चाचणीतही एक दोष शेवटपर्यंत राहिला होता आणि तो नमुन्याचा नव्हता. थ्रोम्बोप्लास्टिन ज्याचे त्याचे निराळे. एकाच रक्ताला एका गावी अठरा सेकंद तर दुसऱ्या गावी पंचवीस. रोग्याने गाव बदलले की गोळीचे माप बदलायची पाळी येई. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली प्रत्येक थ्रोम्बोप्लास्टिनला आंतरराष्ट्रीय मापाशी ताडून एक घातांक देण्याची पद्धत स्वीकारली. रोग्याचे सेकंद भागिले निरोगी माणसांचे सेकंद, त्याचा तो घात, हाच आय.एन.आर. वहिनींच्या कागदावरचा २.९ तो हाच आकडा. त्यामुळे बेळगाव, मिरज, पुणे, मुंबई कोठेही तपासले तरी अर्थ एक. नळी अर्धी भरली असेल तर मात्र कोणताही घातांक ती चूक दुरुस्त करीत नाही.

क्विकसाहेबांना हे पाहायला मिळाले नाही. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांची प्रयोगशाळा चालूच होती. १९६६ साली त्यांनी ॲस्पिरिनने काही माणसांचा रक्तस्रावाचा वेळ लांबतो, याकडे लक्ष वेधले. डोकेदुखीची ती गोळी पुढे हृदयविकारात रोजची झाली, त्या वाटेवरच्या पहिल्या काही पावलांत हे एक पाऊल आहे. २६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. युरोपात अजून पुष्कळ ठिकाणी डॉक्टर या चाचणीला नुसते क्विक म्हणतात आणि तिचा निकाल टक्क्यांत सांगतात. त्यांच्या सशाच्या मेंदूची जागा आता पुष्कळ ठिकाणी कारखान्यात तयार केलेल्या थ्रोम्बोप्लास्टिनने घेतली आहे आणि घड्याळाची कळ यंत्र दाबते. सुई मात्र अजून माणूसच टोचतो.